कावळे तूर्तास काळे

"दोन माणसांच्या विभागात किस्से ते किती साठणार?" असं आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम मला नेहमी म्हणायच्या. त्यांच्याकडे पाच माणसं होती, आणि पाचांत मिळून सांगण्यासारखा एक किस्सा नव्हता! आमच्या तर्कशास्त्राला दोघंच. एक देशमुख सर आणि दुसरी मी. खरं तर दीडच म्हणा, कारण मी तासिका तत्त्वावर होते. तास असले तर मास्तरीण, तास संपले की बेकार.

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कपाटावर टाकलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते आपोआप वाढत जातात. एक दिवस कुणीतरी गठ्ठा खाली काढतं आणि मग अख्खी दुपार वाचण्यातच जाते. मी सांगतेय ते सगळे एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षी आमचा विषय बंद पडायला आला होता, आणि विषयाबरोबर मीही.

कॉलेज शहागंजच्या मागच्या बाजूला. सकाळी सातला पहिला तास. सर मूळचे गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले, वर्गातही घरच्यासारखंच बोलायचे. पहिल्या आठवड्यात मला हे जरा विचित्र वाटलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की पुस्तकातली भाषा पोरांना झोपवते आणि सरांची भाषा उठवते.

*

दिवाळीच्या आधीची गोष्ट. निगमन आणि विगमन यांतला फरक शिकवायचा होता. माझ्याकडे व्याख्या तयार होत्या, फळ्यावर दोन रकाने आखून झाले होते. तेवढ्यात सर आले, हातात जांबांची, म्हणजे पेरूंची पिशवी!

"हे बघा," सर म्हणाले. "ह्या पिशवीतला हरेक जांब गोड हाये. हा जांब ह्याच पिशवीतला हाये. मंग हा जांब कसा?"

"गोड!" वर्ग ओरडला.

"चाखून बघायची गरज पडली का? नाय. आधीची दोन वाक्यं खरी धरली की तिसरं टळत नाय. हे निगमन. आता दुसरं बघा." सरांनी एक जांब कापला, पहिल्या बाकावरच्या पोराला दिला. गोड. दुसरा दिला. गोड. तिसरा. तोही गोड. "मंग पिशवीतले सगळे कसे?"

"गोड!"

"ही झाली उडी! तीन खाल्ले अन् सगळ्यांवर उडी मारली. हे विगमन. उडी बरोबर पडंल, नायतर तोंडावर बी पडंल." असं म्हणत सरांनी चौथा जांब कापला आणि त्यात भलीमोठी अळी निघाली. वर्गात एकच गोंधळ. सर खूश, कारण उदाहरण आपणहून पूर्ण झालं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग तुमचं निगमन बी गेलं की! पयलं वाक्यच खोटं होतं."

सरांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता चिडणार.

"अन् वाक्यांची रचना?" त्यांनी विचारलं.

"रचना बरोबर हाये सर. माल किडका!"

त्या दिवशी उरलेली सगळी पिशवी त्या पोराला मिळाली. अळीसकट.

*

जानेवारीत प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्यासमोर एक कागद होता आणि कागदावर तीन आकडे.

"देशमुख, अकरावीला तर्कशास्त्राला आधी एकोणतीस मुलं होती. मग पंचवीस. यंदा बावीस. म्हणजे पुढच्या वर्षी एकोणीस येणार!"

सर खुर्चीत सावरून बसले. वर्गात एखाद्याची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो आला. "सर, हे विगमन झालं. तीन वर्षं बघून चौथ्याचं ठरवणं. असा निष्कर्ष संभवतो, पण पक्का नसतो. एकोणीस येतील, नायतर चाळीस बी येतील."

"बरं. आता हे ऐका. ज्या विषयाला वीसपेक्षा कमी मुलं, तो विषय बंद. संस्थेचा नियम आहे. समजा तुमच्याकडे एकोणीस आली. मग?"

सरांनी कागद आपल्याकडे फिरवला. मी मनात म्हटलं, पंचवीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलंय, काहीतरी तोड काढतील.

"मंग बंद," सर म्हणाले. "हे निगमन. ह्यातून सुटका नाय. लई छान मांडलंत सर!"

माझी नोकरी जात होती आणि हा माणूस नोकरी घालवणाऱ्याचं कौतुक करत होता! बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले. चार वर्षं अर्ज करून करून मला ही जागा मिळाली होती. सकाळी सातला चाळीस डोळे आपल्याकडे बघतायत आणि त्यातल्या दोन डोळ्यांत काहीतरी लख्खकन समजल्याचं दिसतंय, हे सुख मला नव्यानंच कळलं होतं. मला ते सोडायचं नव्हतं.

"मॅडम," सर म्हणाले, "रडू नका. त्यांनी 'समजा' म्हणलंय."

*

आमच्या वर्गात अंकुश नावाचा पोरगा होता. वाळूजच्या एका कारखान्यात तिसरी पाळी करायचा आणि कंपनीच्या बसमधून उतरून थेट वर्गात यायचा. हनुवटीला हात लावून तो इतका छान झोपायचा, की नव्या माणसाला वाटावं हा चिंतन करतोय. सर त्याला कधी उठवत नसत.

एकदा विगमनाचा तास चालू होता. थोडे नमुने बघून सगळ्यांबद्दल कसं बोलायचं, नमुना किती मोठा हवा, कसा निवडायचा, वगैरे. अंकुश डोळे न उघडताच बोलला, "सर, हे आमच्याकडं रोज चालतं. हजार नगातले दहा बघतेत अन् सगळी पेटी पास."

सरांना आनंद मावेना. "बघा! कारखान्यात बी तर्कशास्त्र हाये! तुझा इन्स्पेक्टर दहाच का बघतो, त्यामागं त्याचा काही विचार असंल ना?"

"हाये की सर," अंकुश म्हणाला. "त्याला पयली बस गाठायची असते."

*

ही गोष्ट सरांनी स्वतः वर्गात सांगितली, म्हणून मी सांगते. नाहीतर वरिष्ठांची अशी फजिती सांगू नये.

एका सकाळी सर तब्बल पंचवीस मिनिटं उशिरा आले. शर्ट घामानं भिजलेला, हातात प्लास्टिकचा रिकामा डबा. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'पेट्रोल संपलं तर स्कूटर बंद पडते. स्कूटर बंद पडली. म्हणून पेट्रोल संपलं.'

"बरोबर का चूक?" त्यांनी विचारलं.

"चूक!" दोघी-तिघी मुली एकदम म्हणाल्या. "दुसऱ्या कारणानं बी बंद पडते सर."

"व्हय. दुसऱ्या कारणानं बी पडते. आज प्लगमध्ये कचरा होता." सर खुर्चीवर बसले. "हा दोष मी पंचवीस वर्षं शिकवायलोय. अन् आज सकाळी डबा घेऊन दोन किलोमीटर चालत पंपावर गेलो, पेट्रोल आणलं, टाकीत ओतलं. टाकी भरून सांडली!"

वर्ग पोट धरून हसला. मग सर उठले, फळ्यावरच्या त्या तीन वाक्यांखाली मोठं शून्य काढलं आणि शेजारी आपली सही केली.

त्या वर्षी त्या प्रश्नावर आमचं एकही पोरगं चुकलं नाही.

*

तर्कशास्त्राच्या मास्तरांचं एक पेटंट उदाहरण असतं. हा कावळा काळा, तो कावळा काळा, म्हणून सर्व कावळे काळे. आमचे शिपाई शेखमामा हे उदाहरण वर्षानुवर्षं दाराबाहेरून ऐकत आले होते. एक दिवस ते सरळ आत आले.

"साब, वो कव्वेवाली बात गलत है. मैं कल छावनी में सफेद कव्वा देख्या."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. पंचवीस वर्षं ज्या वाक्यावर संसार केला, ते वाक्य खोटं ठरवणारा पक्षी चार किलोमीटरवर बसला होता! एक पांढरा कावळा सापडला की 'सर्व' संपलं. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही तास घ्या," आणि मामांना स्कूटरवर मागं बसवून निघाले.

दोघं परत आले ते साडेअकराला. सरांच्या डोक्यावर ऊन, चेहऱ्यावर काही नाही.

झालं असं होतं, की छावणीत एका घराची रंगरंगोटी चालली होती आणि अंगणात चुन्याचं पिंप होतं. मामांनी पाहिलेला कावळा त्या पिंपात पडून निघालेला असावा. दोघं तिथं दोन तास उभे राहिले. येणारा प्रत्येक कावळा काळा! शेवटी मामांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अब तक नहा लिया होयेंगा साब."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात एवढंच सांगितलं, "उदाहरण तसंच ठेवा. कावळे काळे. तूर्तास."

परीक्षेत सात पोरांनी उत्तरात लिहिलं, 'सर्व कावळे तूर्तास काळे असतात.' 'तूर्तास' हा शब्द पुस्तकात नाही म्हणून मी अर्धा गुण कापला. सरांनी माझ्या समोर बसून सातही पेपरांवर तो अर्धा गुण परत दिला आणि वर अर्धा जास्तीचा दिला.

*

मे महिन्यात मला बघायला सिडकोतली मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि काका. पोहे आले, नाव-गाव विचारून झालं. काकांनी विचारलं, "काय शिकवता?"

"तर्कशास्त्र."

काकांचा हात पोह्यांच्या बशीवरच थांबला. "तर्कशास्त्र शिकलेल्या बायका वाद फार घालतात, असा आमचा अनुभव आहे."

माझी आई डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणत होती. मी ऐकायला हवं होतं. पण वर्षभर सरांबरोबर बसल्यावर माणूस बिघडतो.

"अनुभव किती जणींचा?" मी विचारलं.

आईनं डोळे मिटले.

"एकीचाच," काका म्हणाले आणि त्यांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. "पण तीस वर्षांचा!"

"भाऊजी, पोहे खा," मुलाची आई म्हणाली. त्यांनी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं! मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा विषय बंद होणार म्हणतात, खरं का?"

"वीस मुलं आली नाहीत तर."

"मग आधी मुलं आणा. लग्नाचं काय, जुलैनंतर बघू."

मला त्या बाई फार आवडल्या. मुलाकडे मी नंतर बघितलं.

*

जूनमध्ये आम्ही जाहिरात करायची ठरवली. मजकूर मी लिहिला: 'तर्कशास्त्र घ्या, हमखास पास व्हा!' सरांकडे दाखवायला नेला. ते लाल पेन घेऊन बसले. 'हमखास' खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'आधार?'

"सर, जाहिरात आहे ही!"

"मॅडम, दरवर्षी एक-दोघं नापास होतेत. मंग 'हमखास' कसं? अन् समजा आजवर कोणी नापास झालं नसतं, तरी पुढं होणार नाय हे कुठून काढलं?"

माझा नाइलाज झाला. शेवटी जो कागद छापून आला, त्यावर असा मजकूर होता: 'तर्कशास्त्र घ्या. आजवर बहुतेक विद्यार्थी पास झाले आहेत. आपणही व्हाल, अशी शक्यता बरी आहे.'

जगात अशी जाहिरात दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. बाकीच्या विषयांच्या पाट्यांवर 'शंभर टक्के निकाल', 'सोपा विषय', 'गुणांची खात्री', आणि आमची ही शक्यता बरी! मी आणि मामा ते कागद घेऊन शहागंजात फिरलो. झेरॉक्सच्या दुकानदाराला काचेवर एक चिकटवू का म्हणून विचारलं. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मॅडम, ये इश्तेहार है के इशारा?"

तरी चिकटवू दिला, हे त्याचं मोठेपण. त्या कागदामुळे किती मुलं आली ते मला माहीत आहे. एकही नाही. अंकुशनं मात्र आपल्या बसमधली तीन पोरं आणली. "तिथं झोपू देतेत," असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. ती काही खोटी जाहिरात नव्हती.

*

जुलै उजाडला. प्रवेशाचा शेवटचा दिवस, एक वाजता ऑफिस बंद. बारा वाजता आमच्या रजिस्टरात एकोणीस नावं होती.

प्राचार्य मुद्दाम आमच्या खोलीत आले. "देशमुख, मी जानेवारीत काय म्हटलं होतं? एकोणीस!" त्यांना वाईटही वाटत होतं बहुतेक, पण आपला अंदाज बरोबर आल्याचा आनंद माणसाला लपवता येत नाही.

"अजून तास हाये सर," देशमुख सर म्हणाले.

मी माझी वह्या-पुस्तकं पिशवीत भरायला घेतली होती. खडूचा एक तुकडाही आठवण म्हणून टाकला. तेवढ्यात दारात एक पागोटेवाले गृहस्थ उभे राहिले, मागं त्यांची मुलगी. मुलगी सडपातळ, दोन वेण्या, छातीशी धरलेली कागदांची पिशवी.

"नमस्कार सर. पैठणहून आलाव. पोरीला अकरावीला घातलंय, एक विषय निवडायचा राह्यला म्हणतेत हापिसात. सकाळपासून चार खोल्या फिरलाव. ही पाचवी."

मी उभी राहिले, खुर्च्या पुढं केल्या, मामांना चहा सांगितला. आयुष्यात इतकं आदरातिथ्य मी कुणाचं केलं नव्हतं. गृहस्थ बसले. मुलगी उभीच. तिचं नाव वंदना.

"मला शिक्षणातलं कळत नाय," वडील म्हणाले. "आमच्या भावकीतल्या तीन पोरी कॉलेजात गेल्या, तिन्ही नापास झाल्या. घरचे म्हणायलेत, हिचं बी तसंच होणार, लग्न लावून द्या. मी म्हणलं एक डाव बघू. पण ही नापास झाली तर पुढं मला कोणी बोलू देणार नाय. म्हणून एकच इचारतो. तुमच्या विषयात पोरं नापास होतेत का?"

मी सरांच्या समोर बसले होते. मी डोळ्यांनी, मानेनं, हातातल्या पेनानं, जमेल त्या सगळ्यानं सांगत होते. सर, एक शब्द. फक्त 'नाही' म्हणा. एवढं एकदा. माझ्यासाठी नको, त्या पोरीसाठी म्हणा.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या गृहस्थांकडे पाहिलं.

"होतेत," सर म्हणाले. "दरवर्षी एक-दोघं होतेत. घोकणारं पोरगं ह्यात टिकत नाय. रोज यावं लागतं, अन् समजलं नाय तर उठून इचारावं लागतं."

संपलं. मी पिशवीची चेन लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळले.

वडिलांनी उरलेला चहा संपवला. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"चारी खोल्यांत हेच इचारलं. चारी जागी म्हणले, आमच्याकडं कोणीच नापास होत नाय." ते पुढं वाकले. "सर, मी पस्तीस वर्षं बैलाचा बाजार करायलोय. 'ह्याच्यात खोडच नाय' असं जो म्हणला, त्याचा बैल मी कधी घेतला नाय. ज्यानं खोड आधी सांगितली, त्याचाच घेतला, अन् कधी पस्तावलो नाय. लिव्हा हिचं नाव."

मी वळले तेव्हा सरांनी रजिस्टर पुढं ओढलं होतं. त्यांनी समासात वीस आकडा घातला, पेन उघडलं आणि मुलीकडे पाहिलं.

"वंदना, तुझं काय म्हणणं? शिकशील का?"

तिनं वडिलांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"शिकीन सर. पण आबांनी बैलावरून मास्तर ठरवला, अन् एका मास्तरावरून अख्खा विषय ठरवला. असं चालतं का तुमच्यात?"

सरांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाय चालत," सर म्हणाले. "उद्या सातला ये. पहिल्या बाकावर बस."